तुरटीला सुट्टी

आरशाखालच्या फळीवरच्या वस्तू आपापसांत बोलायच्या, त्या काळची गोष्ट. हणमंतानं प्लास्टिकचं हलकं रेझर सोडून पोलादाचं जड रेझर आणलं. पहिल्याच सकाळी त्यानं सवयीनं जोर लावला आणि हनुवटी रक्ताळली. तुरटीनं रक्त थांबवलं, पण रेझर मान खाली घालून बसलं.

"मीच दुष्ट आहे. मला अडगळीत टाका."

"दुष्ट कसलं! तू जड आहेस, एवढंच," तुरटी म्हणाली. "हलक्याला दाबावं लागायचं. तुला दाबायचं नसतं, हे त्या बिचाऱ्या हणमंताला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी ब्रशनं मुद्दाम वेळ काढत गालभर दाट फेस केला. हणमंत घाबरलेलाच होता. "आज जोर करायची हिंमत नाही रे बाबा," असं पुटपुटत त्यानं रेझर बोटांत नुसतं धरलं. रेझरही जीव मुठीत धरून, केवळ आपल्या वजनानं, गालावरून उतरलं. फेस गेला, खुंट गेले, रक्ताचा ठिपकाही नाही. हणमंत स्वतःशीच हसला आणि रेझर पुसून निघून गेला.

"आज तुला कुणी विचारलंसुद्धा नाही गं," ब्रश तुरटीला म्हणाला.

"हो ना," तुरटी म्हणाली. "रोज असंच विसरू दे मला."