मुक्या येसूची नीळ

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहायचा. त्याला एकच मुलगी, येसू. सात-आठ वर्षांची असेल, आपल्या शमूएवढी. आणि भारी बोलकी. बाप कापड रंगवायचा आणि ही रंगाच्या रांजणाच्या कडेला बसून चिवचिवायची. बोलता बोलता बापाचं सगळं काम शिकली. हळदीचा पिवळा, मंजिष्ठेचा लाल, आणि नीळ. बापाची नीळ कशी, तर मोराच्या गळ्यासारखी. तशी साऱ्या राज्यात कुणाला जमायची नाही, बरं का.

मग एका वर्षी तापाची साथ आली आणि त्यात रंगारी गेला. आई तर आधीच नव्हती. येसू काकूकडे राहायला आली.

काकूचं नाव भागा. ती मारायची नाही, उपाशीही ठेवायची नाही. पण बोलायची. येसू बाबांच्या आठवणीनं रडली की म्हणायची, "बंद कर ते. कान किटले माझे." येसूनं काही सांगितलं की म्हणायची, "तुला कुणी विचारलं?" येसू हसली की म्हणायची, "आवाज आहे का फुटकं मडकं?" हे असं रोज. मग येसू थोडं थोडं कमी बोलायला लागली. आणि एका सकाळी तिनं तोंड उघडलं, तर आवाजच नाही. वैद्यबुवांनी घसा पाहिला. म्हणाले, "घशाला काही झालेलं नाही. पोर घाबरलीय."

शमू, पाय पांघरुणात घे. हं.

अशी चार वर्षं गेली. येसू मुकाट्यानं कापड रंगवायची. काकू ते बाजारात न्यायची आणि सांगायची, "मीच रंगवते हो." खरं तर तिनं रांजणात कधी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

एक दिवस येसूनं नदीवर धुतलेलं कापड वाळूवर वाळत घातलं, तर पाण्यातून एक कासवीण आली. केवढी, तर आपल्या परातीएवढी. आली ती थेट त्या कापडावर चढून बसली, चिखलाच्या पायांनी. आणि माणसासारखं बोलायला लागली.

"मी इथं बसलेली तुला चालेल का गं?"

येसूनं नाही म्हणून मान हलवली.

"मला दिसतं कमी. तोंडानं सांग. आज नाही जमलं तर उद्या सांग. मला घाई नाही."

आणि बसून राहिली. येसूनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. ऊन उतरेपर्यंत ती तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी कासवीण पुन्हा आली, पुन्हा तेच विचारलं. त्या दिवशी येसूचे ओठ हलले, नुसती हवा आली. कासवीण म्हणाली, "छान. बरीच पुढं आलीस."

मग तिसऱ्या दिवशी येसूच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला. "नको."

कासवीण लगेच उठली आणि खाली उतरली. हसली नाही, रागावली नाही. फक्त उतरली.

येसू तिच्याकडे बघतच राहिली. आपण एक शब्द बोललो आणि कुणीतरी तो ऐकला. तिला रडू आलं, आणि या वेळी तिनं ते आवाज करून रडून घेतलं. कासवीण शेजारी बसली होती. तिचे कान काही किटले नाहीत.

त्यानंतर येसू रोज नदीवर जाऊन थोडं थोडं बोलायची. घरी मात्र गप्पच, बरं का. घरी भीती वाटायची.

मग काय झालं, राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्या आजीनं स्वतः विणलेला एक पांढरा शालू होता, तसा दुसरा नाही. राणी म्हणाली, "हा मोराच्या गळ्यासारखा निळा हवा, आणि माझ्या डोळ्यांसमोर रंगवायचा." बोलावणं आलं भागाकाकूला. ती येसूला हाताखाली घेऊन वाड्यावर गेली. येसूनं नीळ कालवली. काकूनं ऐटीत शालू बुडवला आणि वर काढला. बघते तर काय, हिरवागार, शेवाळासारखा.

राजकन्या रडायलाच लागली. काकूनं येसूकडे बोट केलं. ती म्हणाली, "राणीसाहेब, या मुकीनं रंग बिघडवला."

राणीनं विचारलं, "काय गं, तू बिघडवलास?"

येसूनं वर पाहिलं. सगळा वाडा तिच्याकडे बघत होता. तिनं एकदा श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली.

काकू दचकली. म्हणाली, "गप्प बस. तुला कुणी विचारलं?"

येसू हळूच म्हणाली, "राणीसाहेबांनी विचारलं." मग राणीकडे वळून म्हणाली, "शालू वाऱ्यावर धरा. नीळ पाण्यातून हिरवीच निघते. वारा लागला की निळी होते. माझ्या बाबांनी शिकवलंय मला."

दोन दासींनी शालू गच्चीवर धरला. वारा आला. आणि कडेपासून हळूहळू शालू निळा व्हायला लागला. सगळा निळा झाला, मोराच्या गळ्यासारखा. राजकन्येनं तो गालाला लावला आणि गालही निळा करून घेतला.

काकू खाली मान घालून उभी होती. येसू तिच्याजवळ गेली. म्हणाली, "काकू, मला असं बोलत जाऊ नका. मला लागतं."

काकूनं हळूच मान वर केली. म्हणाली, "बरं."

राणीनं येसूला नदीकाठी रंगशाळा बांधून दिली. शेजारच्या रखमामावशी तिच्या सोबतीला राहायला गेल्या. काकू तिथं बाजारासाठी रंगवलेलं कापड घ्यायला यायची. सवयीनं कधी काही तोडून बोललीच, तर येसू म्हणायची, "काकू, नीट बोला." मग काकू नीट बोलायची. पुढं पुढं तर तिला सांगावंही लागलं नाही. दोघी कट्ट्यावर बसून भाकरी खायच्या, आणि येसू मधे श्वास न घेता बोलत राहायची.

झाली गोष्ट. येसू तिकडे सुखात आहे, तुम्ही इकडे सुखात निजा. आणि रात्री कुणाला भीती वाटली, तर मला हाक मारा. मी जागी होईन.