चंद्रीच्या रक्ताच्या दोन शिश्या

कोरडवाडीच्या चाळीसच्या चाळीस गाई आजारी ठरल्या! नळगडच्या राजाने लगोलग दवंडी पिटवली, "उद्या सूर्य मावळायच्या आत ही सगळी गुरं सीमेपलीकडच्या रानात हाका. तांबडा ताप माझ्या राज्यात नको!"

पलीकडच्या रानात वाघ होते. भिवरा गवळणीने दवंडी ऐकली, हातातली चरवी खाली ठेवली आणि तडक दरबार गाठला. त्या चाळिसात तिच्या सहा गाई होत्या. सहाही जणी पोटभर चरून निवांत रवंथ करत होत्या.

"महाराज, माझ्या गाईंना काही झालेलं नाही!"

राजवैद्य त्र्यंबकशास्त्री हसले. त्यांची परीक्षा मुलखात गाजलेली. गाईचं रक्त काचेच्या शिशीत ठेवायचं. रक्त थिजलं की वर पाणी सुटतं. पाणी पिवळसर असेल तर गाय निरोगी. लाल असेल तर तांबडा ताप!

"बाई, रक्त खोटं बोलत नाही," शास्त्री म्हणाले.

"खरं आहे, शास्त्रीबुवा! पण ते तुमच्यापर्यंत आलं कसं? वैशाखाचं ऊन, चार कोसांची वाट आणि घोड्याच्या खोगिराला टांगलेल्या शिश्या! त्या वाटेने आणलं तर माझं दूध नासतं. रक्ताला काय महाराजांची सनद आहे?"

दरबारात खसखस पिकली. राजाच्या मात्र कपाळावर आठ्या चढल्या.

"माझा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! तो फिरवायचा असेल तर एकच गाय एकाच दिवशी निरोगी दाखव आणि आजारीही दाखव. जमलं नाही, तर गुरांबरोबर तूही सीमेपार!"

वाघ काही गाय आणि गवळण असा भेद करणार नव्हता. पण भिवरा मागे हटली नाही.

"दाखवते, महाराज. फक्त गाय तुमची चंद्री हवी."

चंद्रीला राजा रोज स्वतःच्या हाताने गूळ भरवायचा. "चंद्री? अगं, तिला कधी साधी शिंक आलेली नाही!"

"म्हणूनच तर!"

भर दुपारी, शास्त्रीबुवा वामकुक्षी घेत असताना, राजासमोर चंद्रीचं रक्त दोन शिश्यांत काढलं. एक शिशी भिवराने ओल्या फडक्यात गुंडाळली आणि गार माठात घालून सावलीत ठेवली. दुसरी घोडेस्वाराच्या खोगिराला टांगली. "दोन कोस जा, दोन कोस परत ये. आणि घोडा दामट!"

संध्याकाळी दोन्ही शिश्या शास्त्रीबुवांपुढे आल्या. कुणाच्या, ते कुणीच सांगितलं नाही. त्यांनी पहिली उजेडात धरली.

"वा! सोनसळी पाणी! ही गाय ठणठणीत आहे."

दुसरी धरली आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "लालभडक! हिला आजच्या आज सीमेपार हाका! दावंसुद्धा जाळून टाका! आणि जो कोणी हिचा धनी असेल, त्या गलथान माणसाला माझ्यासमोर उभा करा!"

"उभाच आहे," राजा म्हणाला. "ती माझी चंद्री आहे, शास्त्रीबुवा."

शास्त्रींनी पहिली शिशी पुन्हा उजेडात धरली. "मग... मग पहिली कुणाची?"

"तीही चंद्रीचीच!" भिवरा म्हणाली. "हवं तर गोशाळेत जाऊन तिच्या शेपट्या मोजा, एकच निघेल!"

हुकूम थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात शास्त्रीबुवा स्वतः माठ घेऊन कोरडवाडीला गेले आणि तिथेच सावलीत बसून त्यांनी परीक्षा केली. एकोणचाळीस शिश्या पिवळ्या निघाल्या. पाटलांच्या मोरी गाईची तेवढी गारव्यातही लाल आली. पाटील कुरकुरले, पण भिवरानेच मोरीला वेगळ्या गोठ्यात बांधलं आणि शास्त्रींनी तिला औषध सुरू केलं.

राजाने भिवराला बोलावून घेतलं. "जिंकलीस खरी! पण आता माझ्या हुकुमाचं काय? काळ्या दगडावरची रेघ पुसली गेली, लोक काय म्हणतील?"

"महाराज, पुढचा हुकूमही ओल्या फडक्यात गुंडाळून एक रात्र माठात ठेवा. सकाळी पिवळा दिसला तरच दवंडी पिटवा. तापल्या तापल्या धाडलेला हुकूम वाटेतच लाल होतो!"

राजा इतका हसला, की त्याची पगडी घरंगळून शास्त्रीबुवांच्या मांडीवर पडली. त्याने चंद्रीची कालवड भिवराला दिली, गोशाळेचा सगळा कारभार तिच्या हाती सोपवला, आणि सिंहासनाशेजारी एक नवा कोरा माठ आणून ठेवायला सांगितलं!