मोहाखालचे अस्वल

मोहाच्या झाडांनी वेढलेल्या एका टेकडीवर एक थोराड अस्वल राहत असे. कोणी दुबळ्याला त्रास देऊ लागले, की ते नुसते उठून मध्ये उभे राही. तेवढ्यानेच दांडगाई करणारा वाट बदली.

चैत्रातल्या एका सकाळी झाडांखाली फुलांचा खच पडला होता. खळग्यातल्या पाण्यात पडलेली जुनी फुले आंबली होती. अस्वलाने ती पोटभर खाल्ली, वर ते पाणीही प्यायले. हळूहळू नशा चढून त्याचे अंग जड झाले. जवळच एका तरुण हरिणीनेही थोडी फुले खाल्ली होती. तिचे पाय लटपटत होते. ते पाहून एक लांडगा आला आणि तिला खांद्याने रेटत घळीकडे नेऊ लागला.

"मला नाही यायचे. मला कळपाकडे जाऊ दे," हरिणी म्हणाली.

अस्वलाने मान वळवली. "कुठे नेतोस रे तिला?" त्याने बसल्या जागेवरून विचारले.

"माझ्या ओळखीची आहे. घरी पोहोचवतो," लांडगा म्हणाला.

एरवी अस्वल उठले असते. आज त्याला वाटले, असेल ओळखीची; आणि नसेल, तर दुसरे कोणी बघेल. त्याने डोळे मिटून घेतले.

झाडावर एक वानरी पिल्लाला पाजत होती. तिने फुलांना तोंड लावले नव्हते. लांडग्याशी झुंजण्याचे बळ तिच्यात नव्हते. पण ती फांदीफांदीने त्याच्या मागे गेली आणि सारखी ओरडत राहिली. तिच्या आवाजाने हरणांचा कळप धावत आला, तसा लांडगा पळाला. हरिणी वाचली, पण तिच्या मानेवर दातांची खोल जखम झाली होती. पुढे कितीतरी दिवस नुसते पान सळसळले तरी ती दचके.

"तिने फुले खाल्लीच कशाला?" प्राणी आपसात बोलू लागले.

अस्वलाने ते ऐकले. ते हरिणीसमोर येऊन खाली मानेने म्हणाले, "फुले मीही खाल्ली होती. मला कोणी ओढून नेले नाही. दोष लांडग्याचा आहे. आणि मी बघून न बघितल्यासारखे केले, हा माझा."

हरिणी म्हणाली, "तुम्ही मान वळवलीत, तेव्हा मला वाटले होते, आता मी सुटले."

तात्पर्य : कोणी 'नको' म्हणत असेल, तर ऐकणाऱ्याने उठले पाहिजे, आणि वेळेवर उठता यावे, म्हणून शुद्धीत राहिले पाहिजे.