चौदावी पायरी

सूतगिरणीत फिटरच्या मुलाखतीला येणाऱ्यांना मगदूम साहेब दरवेळी काहीतरी तिरपागडं विचारून घरी पाठवायचे. "पुस्तकं पाठ करून येता लेको, माझ्या प्रश्नाची तयारी कुणालाच जमत नाही," हे त्यांचं पालुपद.

निलोफर मुल्लाला ही नोकरी हवीच होती. पुस्तकं वाचून झाल्यावर तिनं गिरणीच वाचायची ठरवली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून राहिली. समोरच ऑफिसचा लोखंडी जिना होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिची प्रमाणपत्रं न बघताच बाजूला सारली.

"हे पोरींचं काम नव्हे. बरं, आत्ता जिना चढून आलीस ना? पायऱ्या किती?"

"एकवीस. चौदावी ढिली होती."

"होती म्हणजे?"

"येताना आवळली." तिनं पिशवीतला पाना टेबलावर ठेवला.

साहेब हसले. "मी रोज चढतो. मला कधी जाणवली नाही ती."

"काल तुम्ही चार वेळा चढलात, साहेब. चारही वेळा तिथंच कठडा घट्ट धरलात. आता हात खिशात घालून उतरून बघा."

साहेब उठून खाली गेले. परत वर आले तेव्हा दोन्ही हात खिशातच होते.

"सोमवारी आठला ये," ते म्हणाले, "आणि पाना विसरू नकोस."