साखरेच्या पायांचा राजा

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला घरात काकूंनी बजावलंय. मोठ्यांना झोंबते म्हणे. पण तुम्ही गुपचूप ऐका, हं.

एक होता राजा. त्याला आजार मोठा विचित्र. गोड खाल्लं की पाय साखरेचे व्हायचे. खरीखुरी साखर, बरं का! वैद्यानं सांगितलं होतं, भाकरी खा, पालेभाजी खा, गोडाला शिवू नका. राजा ऐकायचा. त्याची लेक कालिंदी डोळ्यांत तेल घालून जपायची.

पण सणाची पंगत बसली की आग्रह आलाच. त्या राज्यात कुणी शपथ घातली, तर ती मोडायची नाही, अशी रीत.

मग आला दसरा. राजाची बहीण श्रीखंड घेऊन आली. "दादा, माझी शपथ! एवढ्यानं काय होतंय?" राजा भिडेला पडला. खाल्लं. हात धुवायला उठला, तर पायाची बोटं साखरेची.

मग आली दिवाळी. "वर्षाचा सण, दादा. माझी शपथ!" अनारसे खाल्ले. घोट्यापर्यंत साखर. राजाला पाटावरून उचलून नेलं, आणि पंगत काय म्हणाली? "बाई बाई, काय ते पथ्य! आमचाही घास कडू." कालिंदीनं हातातला तांब्या आपटला.

मग आली संक्रांत. एक गूळपोळी पोटात गेली, आणि गुडघ्यापर्यंत साखर. पायांना मुंग्या लागल्या. राजा कण्हत होता, आणि आत्या वर तूप वाढत म्हणतेय, "आणखी अर्धी, दादा. माझी..."

"थांब!"

कालिंदीचा आवाज एरवी शेजारच्या खोलीतही जात नसे. "आता माझी शपथ, आत्या! बाबांना एक घास वाढशील तर! तुझा भाऊ ना तो? त्याला मुंग्या खाताहेत, दिसत नाही तुला?"

नको वाढू म्हणूनही शपथ घालता येते, हे कुणाला सुचलंच नव्हतं. आत्याचा हात वरच्या वर राहिला.

"मोठ्यांना उलट बोलतेस?" पंगतीतले तिचे मामा गुरगुरले.

"बोलते. पुन्हा बोलेन."

मग तिनं ताटात भाकरी वाढली, मेथी वाढली. आत्या बघत राहिली. मग पोळ्या खाली ठेवून पदरानं भावाच्या पायांवरच्या मुंग्या झटकू लागली.

हळूहळू साखर विरली. होळीला राजा स्वतःच्या पायांनी नाचला. सगळी सुखात राहिली.

झोपा आता. आणि उद्या कुणी शपथ घालून वाढलं ना, तर ताटावर हात आडवा धरायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, की...

आले हं, काकू!