बाईंचा काळा चष्मा

"तुम्हाला दिसतच नाही, तर तुम्ही भूमिती शिकवता कशी?"

कावेरीबाई रागावल्या नाहीत. ओट्यावर बसून त्या जुन्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं एकावर एक रचत होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा.

"बसा, सर."

सुश्रुत उभाच राहिला. परदेशी शिकून तो येवल्याला परतला होता तो याच विणकरांच्या गल्लीतल्या मुलांसाठी. वर्षभर जीव ओतून त्याने शिकवणी घेतली. आणि त्याची विद्यार्थिनी उर्मिला दहावीला गणितात नापास झाली. फेरपरीक्षेला पंधरा दिवस उरले असताना ती त्याला सोडून या म्हाताऱ्या बाईंकडे येऊ लागली होती.

"तिच्या घरी तिच्यासाठी दुसरा माग मांडून ठेवलाय," तो म्हणाला. "या खेपेला सुटली नाही तर शाळा संपली. मी तिला न्यायला आलोय."

"तुमच्याकडे तिची गणितं चुकायची?"

"एकही नाही. वही बघा तिची. सगळी बरोबर."

"आणि पेपरात?"

"कोरा ठेवला."

"का, म्हणाली?"

सुश्रुतने मान वळवली. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"म्हणाली… सर, तिथे तुम्ही नव्हता."



इतक्यात उर्मिला वही घेऊन आली. त्याला पाहून पायरीशीच थबकली.

"सर, तुम्हीपण लागलात का बाईंकडे?"

"गप, आगाऊ," बाई म्हणाल्या. "काय लिहिलंयस ते वाच. मला कळू दे."

ती वाचू लागली. "त्रिकोण एबीसी. कोन बी काटकोन. म्हणून कर्ण एबी…"

सुश्रुतचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. त्याच्या वर्गात मुलाचं वाक्य पुरं होण्याआधीच चुकीभोवती गोल पडलेला असे. त्याचा त्याला अभिमान होता.

बाईंनी तळहात उचलला. तो थांबला.

"पुढे," बाई म्हणाल्या.

उर्मिला पुढे जाईना. ओठ हलत होते.

"बाई, नाही… कर्ण काटकोनासमोर असतो. एसी."

"मग तसं लिही. आत जा, माठातलं पाणी पी आणि पुढचं सोडवून आण."

ती आत गेली. बाईंनी पानांची चवड गुडघ्यावर नीट ठोकली. डब्यातून सुई काढली, दोरा ओला केला आणि एका झटक्यात ओवला.

सुश्रुत सुईकडे बघत राहिला.

"तुम्हाला… दिसतं?"

"दोन वर्षं झाली. डोळे दोन, ऑपरेशनं दोन, चष्मे दोन."

"मुलांना माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांना फसवता."

"हो."

त्यांनी पहिला टाका घातला. उत्तराला आणखी काही जोड देतील म्हणून तो वाट बघत होता. त्यांनी दुसरा टाका घातला.

"मला कळलं," तो घाईने म्हणाला. "मूल मोठ्याने वाचतं तेव्हा त्याचं लक्ष स्वतःच्या…"

बाईंनी चष्मा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. दुसरा डब्यातून काढून स्वतः घातला.

आतून पावलं वाजली. सुश्रुतने चष्मा चढवला. वाटलं होतं तसं काही झालं नाही. सगळं दिसत होतं. थोडं काळसर, पण सगळं.

"सर, तुमचे डोळे आले?"

"हो," तो म्हणाला. "वाच."

उर्मिला वाचू लागली. वर्तुळ, केंद्र ओ, बाहेरून आलेली स्पर्शिका. दुसऱ्याच ओळीत तिने स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात साठ अंशांचा कोन धरला होता. तिथून खाली सगळं गणित वाकडं गेलं होतं. काळ्या काचेतून ते त्याला लख्ख दिसलं.

ती वाचत शेवटापर्यंत गेली. थांबली. त्याच्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे तिला दिसेनात.

तो बोलला नाही.

कोणत्याही मुलाला त्याने कधी इतका वेळ एकटं सोडलं नव्हतं. पेन मुठीत रुतत होतं. पंधरा दिवस, त्याच्या मनात आलं. फक्त पंधरा दिवस, आणि मी नुसता बसलोय…

तिने पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. हळू. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून राहिली.

"साठ कुठून आणले मी?" ती स्वतःशीच म्हणाली. "इथे तर नव्वद."

तिने खालचं सगळं खोडलं, ओट्यावर ओणवी होऊन नव्याने लिहिलं. वही मिटली. ती विचारेल म्हणून सुश्रुत थांबला. सर, बरोबर आहे का… रोज दहादा विचारायची.

"बरोबर आलं," ती म्हणाली. "येते, बाई. सर, डोळ्यांत गुलाबपाणी घाला."

ती गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाली. तिला परत न्यायला आलो होतो, हे सुश्रुत विसरला नव्हता. पण ते आता तोंडातून निघेना. त्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला आणि बाईंपुढे धरला.

"घ्या. मला आता हा लागणार नाही."

बाईंनी हात पुढे केला नाही. शिवलेल्या वहीचा दोरा दातांनी तोडला.

"राहू द्या, सर," त्या म्हणाल्या. "डोळ्यांवरची पट्टी सोडली त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं."