उतरलेल्या बॅटरीचं उत्तर

वस्तू बोलत आणि माणसांना ते ऐकू येई, त्या काळातली ही गोष्ट. खाडीकाठी फिलोमिनाचं दुरुस्तीचं दुकान होतं. एका सुस्त दुपारी तिथल्या चार्जरला होडीच्या दिव्याची बॅटरी जोडली होती. बॅटरी पार उतरली होती आणि चार्जर काही केल्या वीज सोडेना.

फिलोमिनाने फ्यूज पाहिला, तारा पाहिल्या. सगळं धड होतं.

"मग अडतंय कुठं रे?" तिने विचारलं.

"पलीकडे कोणी आहे की नाही, तेच कळत नाही," चार्जर म्हणाला. "मी हाक मारतो. बॅटरीने ओ दिली, की वीज सोडतो. उगाच सोडली आणि आग लागली तर?"

त्याने पुन्हा हाक मारली. पलीकडे नुसती शांतता, भरती थांबल्यावर खाडीवर पसरते तशी.

"मग टाकते हिला भंगारात," फिलोमिना उसासली.

चार्जरला कसंसंच झालं. तेवढ्यात त्याच्याच अंगावरचा, वीज अडवून थोडीथोडीच पुढे जाऊ देणारा चिमुकला रेझिस्टर म्हणाला, "दादा, माझ्यातून थेंबभर सोड ना. चुकलंच तर मी एकटा तापेन."

भीत भीत चार्जरने थेंबभर वीज सोडली. मग आणखी एक थेंब. ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत राहिलं. अखेर झोपेतून यावा तसा आवाज आला, "ओ..."

"इतका वेळ बोलली का नाहीस?" चार्जरने विचारलं.

"तुझी प्रत्येक हाक ऐकली रे," बॅटरी म्हणाली. "ओ द्यायलाही थोडी वीज लागते."

तेव्हापासून चार्जर आधी थेंबभर देतो आणि मगच हाक मारतो.